फोर्ब्ज फील्डची आखणी: प्रकल्प नोंदी

काम कशाचं: अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या ओकलंड भागात १९०९ ते १९७० फोर्ब्ज फील्ड हे पायरेट्स या संघाचं बेसबॉलचं मैदान होतं. आज त्या जागेवर विद्यापीठाच्या इमारती, रस्ता आणि हिरवळ आहे. होम प्लेट (फलंदाजाची पाटी), तीन बेस (धावताना शिवायचे टप्पे), पिचरची म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची जागा आणि डाव्या कुंपणाची रेषा त्यांच्या मूळ ठिकाणी, जमिनीच्या पातळीत, दगड-विटांनी दाखवायची. पुतळा नाही, कमान नाही. खालच्या नोंदी आराखडा आणि खडूच्या चाचणी-आखणीपर्यंतच्या आहेत.

३ मार्च २०२५

जागेवर आधीच काय आहे त्याची यादी.

एक, मधल्या आउटफिल्डमागची (बेसच्या पलीकडच्या मैदानामागची) विटांची भिंत. रॉबर्टो क्लेमेंटे ड्राइव्हच्या कडेला उभी, वेल चढलेली, अंगावर ४५७ आणि ४३६ हे होम प्लेटपासूनच्या अंतराचे, फुटांतले आकडे. शेजारी ध्वजस्तंभ. पाहणारे ही भिंत १९०९ची समजतात. तशी ती नाही. मूळ कुंपण लाकडी होतं. विटांची भिंत १९४६ची. आखणीसाठी हे बरंच आहे, कारण शेवटच्या पंचवीस वर्षांचा पक्का संदर्भ मिळतो.

दोन, फूटपाथमध्ये बसवलेली विटांची रेषा. पाडून टाकलेली डावी भिंत कुठून जात होती ते ती दाखवते. १३ ऑक्टोबर १९६० रोजी पायरेट्सच्या बिल मॅझरॉस्कीने वर्ल्ड सिरीज (हंगामाची अंतिम मालिका) जिंकून देणारा फटका मारला; तो चेंडू जिथून भिंतीपार गेला तिथे फलक आहे. दर वर्षी १३ ऑक्टोबरला लोक भिंतीपाशी जमून त्या सामन्याचं जुनं रेडिओ प्रक्षेपण ऐकतात. म्हणजे इथे आठवण जागी आहे. उणीव आहे ती मैदान डोळ्यांसमोर उभं राहण्याची.

तीन, विद्यापीठाच्या पॉस्वर हॉल या इमारतीच्या तळमजल्यावर काचेखाली ठेवलेली होम प्लेट. प्लेट अस्सल, जागा मूळची नाही. इमारतीच्या वापरात मूळ बिंदू अडचणीचा होता, म्हणून प्लेट सोयीच्या ठिकाणी बसवली गेली. इमारत १९७८ मध्ये फोर्ब्ज क्वाड्रँगल या नावाने उघडली, तेव्हापासून लोक त्या काचेवर उभे राहून भिंतीकडे पाहतात आणि अंतर चुकीचं मनात धरतात.

चार, इथून गेलेल्या वस्तू. क्लबचे मालक बार्नी ड्रायफस यांचं ग्रॅनाइटचं स्मारक १९३४ मध्ये चक्क मैदानात, मधल्या भिंतीपाशी उभं केलं होतं. चेंडू त्यावर आपटला तरी खेळ चालू राहायचा. ते आता संघाच्या आजच्या मैदानात, पीएनसी पार्कमध्ये आहे. संघाचा जुना खेळाडू होनस वॅग्नर याचा १९५५चा पुतळा आधी शेजारच्या शेनली पार्कमध्ये होता, मग संघाच्या मधल्या मैदानापाशी, थ्री रिव्हर्स स्टेडियमपाशी, आता पीएनसी पार्कपाशी. पुतळे संघामागे फिरतात. या जागेकडे तिचं स्वतःचं उरतं ते फक्त ठिकाण. ते फुटाफुटाने बरोबर असलं पाहिजे, बाकी सगळं दुय्यम. पुढचे निर्णय याच कसाला लावायचे.

९ मार्च

कुठल्या वर्षाचं मैदान आखायचं?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ३० जून १९०९ला मैदान उघडलं तेव्हा डाव्या फाउल रेषेवर (होम प्लेटपासून निघणारी खेळाच्या जागेची कड) कुंपण ३६० फुटांवर होतं, पुढे ते ३६५ झालं. उजवीकडे ३७६ होतं. १९२५ मध्ये तिथे दुमजली प्रेक्षागृह आलं आणि अंतर ३०० फुटांवर उतरलं. होम प्लेटमागची जाळी सुरुवातीला ११० फूट मागे, शेवटी ७५ फूट. १९४७ ते १९५३ या काळात डावीकडे आतल्या बाजूने दुसरं कुंपण घालून ३६५चे ३३५ केले होते. पायरेट्सचे फलंदाज हँक ग्रीनबर्ग आणि राल्फ काइनर यांचे फटके पार जावेत म्हणून. आकडे असे हलतात तेव्हा नुसतं कुंपणच हलतं असं नाही, कधी प्लेटही हलते.

ठरलं: १९६०. भिंत १९४६ची, म्हणून ४५७ आणि ४३६ हे आकडे त्या काळाशी जुळतात. आतलं कुंपण गेलेलं. आणि येणारा प्रत्येक जण विचारतो तो चेंडूही त्याच वर्षीचा. १९०९ची रेषा खुणांमध्ये घ्यायची नाही. छापील नकाशात तुटक रेषेने दाखवता येईल. दोन वर्षांची रेषा एकाच फूटपाथवर घातली तर कोणालाच काही कळणार नाही.

१५ मार्च

कागद. हॉपकिन्स कंपनीचे जमीनमालकीचे नकाशे, सॅनबॉर्नचे अग्निविमा नकाशे, आणि पेनसिल्व्हेनियाची हवाई छायाचित्रं: १९३०च्या दशकाच्या अखेरची, १९५०च्या दशकाच्या अखेरची आणि १९६०च्या दशकाच्या अखेरची. १९६०साठी मधला संच महत्त्वाचा.

विमा नकाशावर प्रेक्षागृहाची बाहेरची भिंत आणि रस्त्याची कड नीट मिळते: बुके स्ट्रीट, सेनट स्ट्रीट, जॉनकेअर स्ट्रीट. प्लेट मात्र नसते; विमा कंपनीला छप्पर आणि खांब हवेत, खेळपट्टी नको. म्हणून नकाशावरून चौकट घ्यायची आणि छायाचित्रावरून आतलं मैदान.

छायाचित्रांत तीन फसगती.

पहिली, झुकाव. उंच वस्तूचा माथा छायाचित्राच्या केंद्रापासून बाहेर कलतो. १:२०,००० प्रमाण आणि ६ इंच नाभीय अंतराचं भिंग धरलं तर विमान जमिनीपासून १०,००० फुटांवर येतं. उजव्या प्रेक्षागृहाचं छप्पर ८६ फूट उंच. ते छायाचित्राच्या केंद्रापासून ३ इंचांवर असेल तर माथा कागदावर ०.०२५८ इंच सरकतो, म्हणजे जमिनीवर ४३ फूट. छपराची कड धरून नकाशा जुळवला की अख्खं मैदान शेजारच्या गल्लीत. नियंत्रण-बिंदू जमिनीलगतचेच घ्यायचे: रस्त्यांच्या कडा, कार्नेगी लायब्ररीच्या पायाचे कोपरे. कॅथीड्रल ऑफ लर्निंग या विद्यापीठाच्या उंच मनोऱ्याचं टोक मोहात पाडतं, कारण ते कुठेही दिसतं. घ्यायचं नाही.

दुसरी, बारकावा. त्याच प्रमाणाचं चित्र दर इंचाला ६०० ठिपके या दराने स्कॅन केलं तर एक ठिपका जमिनीवर २.८ फुटांचा. १७ इंचांची प्लेट दिसणं शक्य नाही. दिसते ती माती आणि गवताची सीमा आणि पिचरच्या उंचवट्याचा फिकट गोल. गोलाचा मध्य डोळ्याने न ठरवता कडेवरचे आठ-दहा बिंदू घेऊन वर्तुळ बसवायचं. अर्ध्या ठिपक्यापर्यंत जाता येतं.

तिसरी, माती-गवताच्या कमानीवर भरवसा. आजच्या प्रमाणित मैदानावर ती कमान पिचरच्या प्लेटपासून ९५ फुटांच्या त्रिज्येची असते. जुन्या मैदानावर ती माळ्याच्या मर्जीची. आधी चित्रावर त्रिज्या मोजायची, जुळली तरच वापरायची.

२४ मार्च

सहनिर्देशांक. राज्याच्या प्रणालीतला दक्षिण विभाग, एकक अमेरिकी सर्वेक्षण फूट. हे फाइलच्या पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे आणि त्याला कारण आहे. सर्वेक्षण फूट आणि आंतरराष्ट्रीय फूट यांत दहा लाखांत दोन भागांचा फरक. ९० फुटांच्या बेसरेषेत तो दिसतही नाही. पण पिट्सबर्गचा पूर्व-निर्देशांक साडेतेरा लाख फुटांच्या आसपास असतो. एका सॉफ्टवेअरने एक फूट धरला आणि दुसऱ्याने दुसरा, तर सगळं पूर्व-पश्चिम सुमारे २.७ फूट सरकतं. चूक सगळीकडे सारखीच, म्हणून आतली अंतरं तपासून सापडत नाही. बाहेरचा एखादा ज्ञात बिंदू रोज एकदा मोजायचा, हाच उपाय.

२ एप्रिल

भिंतीवरून प्लेट शोधणं.

पहिली कल्पना सगळ्यांना हीच सुचते: ४५७च्या खुणेवरून ४५७ फुटांचा चाप, ४३६वरून ४३६चा, जिथे छेदतील तिथे प्लेट. कागदावर सुरेख, जमिनीवर कमकुवत. दोन्ही खुणा प्लेटवरून पाहता जवळपास एकाच दिशेला आहेत. समजा दोन्ही दिशांमध्ये १५ अंशांचा कोन आहे आणि प्रत्येक अंतरात १ फुटाची चूक आहे. मग भिंतीकडे जाणाऱ्या दिशेत प्लेटची चूक ०.७ फूट, पण आडव्या दिशेत ५.४ फूट. चाप एकमेकांना इतके घासून जातात की छेदनबिंदू बाजूला घसरत राहतो. कोन ९० अंशांचा असता तर दोन्ही दिशांत १ फूट.

९० अंशांची जोडी मैदानात आहेच: डावा फाउल कोपरा ३६५ फुटांवर आणि उजवा ३०० फुटांवर. अडचण इतकीच की दोन्ही कोपरे पाडले गेले. डाव्या कोपऱ्यासाठी फूटपाथमधली विटांची रेषा वाढवून घेण्याचा मोह होतो. पण ती रेषाही नंतर कोणीतरी आखलेली आहे; तिच्यावरून प्लेट काढायची आणि मग प्लेटवरून तीच रेषा बरोबर ठरवायची, हे वर्तुळात फिरणं झालं. रेषा आधी १९५०च्या दशकातल्या छायाचित्राशी स्वतंत्रपणे ताडायची. जुळली तर साक्षीदार, नाही तर नुसतं सुशोभन. उजवा कोपरा विमा नकाशावरच्या प्रेक्षागृहाच्या पुढच्या कडेवरून.

भिंत मोजताना: मोजणी-यंत्राचा किरण वेलीच्या पानावर आपटला तर अंतर काही इंचांनी कमी येतं. वीट उघडी दिसेल तिथेच, नाहीतर तळाशी प्रिझम (किरण परतवणारी काच) धरून. भिंतीला चिकटपट्टी, खिळा, रंग काहीही लावायचं नाही.

आणखी एक: रंगवलेला आकडा म्हणजे बिंदू नव्हे. ४५७ या तीन अंकांची रुंदीच काही फूट असते आणि रंग पुन्हा पुन्हा दिला गेला आहे. म्हणून आकड्याच्या मध्याला वजन कमी, भिंतीच्या वळणाच्या कोपऱ्यांना जास्त. सगळी मापं एकत्र घालून न्यूनतम-वर्ग पद्धतीने (सगळ्या मापांशी मिळून फरक कमीत कमी येईल असा बिंदू) प्लेट काढायची, आणि उत्तरासोबत संभाव्य त्रुटीची लंबवर्तुळाकार मर्यादा छापायची. नुसता बिंदू देणारा नकाशा परत पाठवायचा.

११ एप्रिल

सहनशीलता. प्लेटच्या जागेची मर्यादा कुठल्याही दिशेत २ फुटांच्या आत आली तर खूण बसवायची. त्यापेक्षा मोठी आली तर आणखी पुरावा. खुणांची आपसातली अंतरं मात्र पाव इंचात. ती शोधायची नसतात, नियमपुस्तकात असतात.

आणि बिंदू भिंतीत, जिन्यात किंवा स्वच्छतागृहात पडला तर? सरकवायचा नाही. सर्वांत जवळच्या मोकळ्या फरशीवर बाणाची छोटी चकती: इतके फूट इतके इंच, या दिशेला. काचेखालच्या अस्सल प्लेटशेजारीही अशीच एक चकती सुचवली आहे. प्लेट तिथेच राहू दे, चकतीने खरी जागा सांगितली की पुरे.

इतर शहरांनी काय केलं ते पाहिलं. बॉस्टनच्या हंटिंग्टन ॲव्हेन्यू ग्राउंड्सवर आता नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आहे. तिथे पिचरच्या जागी साय यंगचा पुतळा आणि समोर प्लेटच्या आकाराचा फलक. दोन वस्तूंमधलं अंतर चालून कळतं, हे त्याचं बळ. मिनेसोटात मेट्रोपॉलिटन स्टेडियमच्या जागी मॉल ऑफ अमेरिका: आत होम प्लेट आणि दूरच्या भिंतीवर उंच टांगलेली एक लाल खुर्ची, हार्मन किलब्रूचा १९६७चा फटका जिथे पोचला तिथली. खुर्ची उंचीसुद्धा दाखवते, हे आमच्या दगडांना जमणार नाही. शिकागोत जुन्या कॉमिस्की पार्कची प्लेट आणि फाउल रेषा वाहनतळात आहेत. रंगवलेल्या रेषा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रामाणिक, पण टायरखाली झिजतात.

१९ एप्रिल

आखणीची भूमिती. इथे चुका होतात त्या सगळ्या एकाच जातीच्या: माप बरोबर, पण कुठून कुठपर्यंत ते चुकीचं.

सगळं होम प्लेटच्या मागच्या टोकावरून मोजायचं. प्लेट पंचकोनी आहे; पिचरकडची बाजू १७ इंच, दोन्ही बाजू साडेआठ इंच, आणि मागे काटकोनी टोक. दोन्ही फाउल रेषा त्या टोकावर भेटतात. काचेखालच्या प्लेटचा किंवा कुठल्याही फोटोतल्या प्लेटचा मध्य धरला की सगळं मैदान साडेआठ इंचांनी पुढे जातं.

पहिला आणि तिसरा बेस पूर्णपणे रेषेच्या आत बसतात: टोकापासून ९० फूट म्हणजे बेसची लांबची कड, मध्य नव्हे. दुसऱ्या बेसचा मात्र मध्य रेषांच्या छेदावर. टोकापासून दुसऱ्या बेसच्या मध्यापर्यंत १२७ फूट ३⅜ इंच. तिन्ही बेसना मध्याचाच नियम लावला तर दोन बेस दोन्ही दिशांत साडेसात-साडेसात इंचांनी चुकतात, आणि कर्ण तपासताना फरक कुठून आला ते शोधण्यात दुपार जाते.

बेसचा आकार १५ इंच. मोठ्या लीगमध्ये २०२३ पासून १८ इंची बेस आहेत, आणि दगडवाल्याला नुसतं 'बेसच्या मापाचा' सांगितलं तर तो आजचं माप शोधून काढेल. १९६०चं मैदान, १५ इंच.

पिचरची प्लेट २४ बाय ६ इंच. पुढची कड टोकापासून ६० फूट ६ इंच. क्रिकेटच्या दोन यष्ट्यांमधल्या अंतरापेक्षा साडेपाच फूट कमी. ती चौकोनाच्या मध्यावर नसते. कर्णांचा छेद ६३ फूट ७⅝ इंचांवर येतो. दोऱ्या ताणून त्यांच्या छेदावर खुंटी ठोकली की पिचर तीन फुटांहून जास्त मागे जातो. उंचवट्याच्या गोलाचा मध्य आणखी वेगळा: प्लेटच्या पुढच्या कडेपासून १८ इंच होमकडे, म्हणजे ५९ फुटांवर, व्यास १८ फूट. उंचवटा बांधायचा नाही, अडखळायला होईल. फक्त गोलाची रेषा. (१९६०मध्ये उंची १५ इंच असायची, १९६९ पासून १०. चकतीवर लिहायला जागा नाही, छापील पत्रकात घ्यायचं.)

२६ एप्रिल

खडूची चाचणी-आखणी. क्रम असा: आधी होम टोक आणि दुसऱ्या बेसचा मध्य, टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र). मग दोन्हींकडून ९०चे चाप छेदून पहिल्या-तिसऱ्या बेसचे बाहेरचे कोपरे. शेवटी पहिला ते तिसरा हा कर्ण १२७ फूट ३⅜ इंच येतो का ते पाहायचं. येत नसेल तर पट्टीला दोष देण्याआधी ती कशावर धरली होती ते पाहायचं.

पोलादी पट्टी ६८ अंश फॅरनहाइटला बरोबर असते. ३८ अंशांच्या सकाळी १०० फुटांत जवळपास पाव इंच आखडते. सहनशीलताच पाव इंच ठेवली आहे, म्हणून दुरुस्ती करायचीच. कापडी टेप आखणीला नाही.

इमारतीच्या आतले बिंदू बाहेरून थेट दिसत नाहीत. दारातून आत ट्रॅव्हर्स (एका बिंदूवरून पुढचा मोजत नेलेली साखळी) न्यायचा: बाहेर दोन ज्ञात बिंदू, उंबऱ्यावर एक, आत दोन, आणि दुसऱ्या दारातून बाहेर पडून पुन्हा ज्ञात बिंदूवर मिळवणी. एकाच दाराने आत जाऊन तिथेच थांबलेल्या ट्रॅव्हर्सची कोनातली चूक कधीच उघडी पडत नाही. फरशीवर खडूऐवजी कागदी चिकटपट्टी, त्याच दिवशी काढायची.

मजल्याची पातळी आणि मैदानाची जुनी पातळी वेगळी. त्याने आडव्या जागेला काही होत नाही. खूण ओळंब्यात वर किंवा खाली जाते, एवढंच. मात्र उताराच्या फूटपाथवर पट्टी जमिनीला टेकवून मोजू नये.

८ मे

दगड. राखाडी ग्रॅनाइट, वरचा पृष्ठभाग ज्वालेने खरखरीत केलेला. चकचकीत पॉलिश मागणारे भेटतात. पावसात आणि बर्फात त्यावरून माणूस घसरतो. जाडी ४ इंच. १५ इंची बेस सुमारे ८७ पौंडांचा, होम प्लेट ८४ पौंडांची: दोन माणसांचं काम.

होम प्लेटच्या चित्रात एक गंमत आहे. नियमात मागच्या दोन तिरप्या बाजू १२ इंच, पुढची १७ इंच आणि टोकाला काटकोन. १२-१२चा काटकोन त्रिकोण १६.९७ इंच रुंद होतो, १७ नाही. माणसाच्या हाताला हा फरक कळत नाही, पण संगणकावर कापणाऱ्या यंत्राची फाइल बंद होत नाही आणि यंत्र चालवणारा आपल्या मनाने कुठलातरी कोन बदलतो. कोन बदलला की फाउल रेषा वाकडी. म्हणून चित्रात ९० अंश आणि १७ इंच पक्के, तिरप्या बाजू १२.०२.

ब्राँझ फक्त मजकुराच्या चकत्यांसाठी. २४ बाय १८ बाय ⅜ इंचाची पाटी अक्षरांशिवाय ५१-५२ पौंड भरते. पाठीमागचे खिळे स्टेनलेस पोलादाचेच. साधं पोलाद ब्राँझशेजारी ओलाव्यात गंजतं, गंज फुगतो आणि पाटी वर उचलते. चार-पाच हिवाळ्यांत कोपरा पायाला लागायला लागतो. रस्त्यावरच्या मिठाने ब्राँझवर फिकट हिरवे डाग धरतात, म्हणून पाटी फूटपाथच्या खोलगट जागी नको, जिथे खारं पाणी साचेल.

१५ मे

जमिनीखालचं. खोदण्याआधी ८११ वर, म्हणजे जमिनीखालच्या वाहिन्या खुणावून देणाऱ्या सेवेच्या फोनवर, कळवायचं. पेनसिल्व्हेनियात किमान ३ आणि कमाल १० कामकाजाचे दिवस आधी. आपली खोदायची जागा पांढऱ्या रंगाने. मग वीज लाल, गॅस पिवळा, दूरसंचार नारिंगी, पाणी निळं, सांडपाणी हिरवं. सर्वेक्षणाच्या खुणा गुलाबी ठेवायच्या.

८११ने सगळं कळतं असं धरून चालणं धोक्याचं. परिसराच्या खासगी वाहिन्या त्यात येत नाहीत, आणि ओकलंडमध्ये त्या कमी नाहीत: बेलफिल्ड बॉयलर प्लांटची वाफ शेजारच्या संस्थांना जमिनीखालून जाते. खासगी शोधक बोलवायचा. वाफेच्या नळावरची जमीन हिवाळ्यातही कोमट राहते. बर्फ पट्ट्यासारखा वितळलेला दिसतो. तिथे दगडाखालचा सांधा रोज तापतो-गारठतो आणि सिमेंटी भरणा तडकतो. अशा जागी लवचीक सांधा.

मैदानाचा काही भाग मुळात दरी बुजवून केलेला होता. भरावावर पाया म्हणजे काय काय निघेल ते आधी छोटी चाचणी-खणती घेऊनच कळेल.

हिरवळीतल्या खुणांचा पाया: इथे गोठण्याची खोली ३६ इंच. १८ इंची कागदी नळी स्वस्त पडते, पण १५ इंची चौकोनाचा कर्ण २१.२ इंच, कोपरे बाहेर लोंबतात आणि गवत कापायचं यंत्र ते तोडतं. २४ इंची नळी. काँक्रीट ९.४ घनफूट, ८० पौंडांच्या १६ पिशव्या, वर दोन जास्तीच्या. नळीची बाजू गुळगुळीत राहिली पाहिजे. खडबडीत बाजूला गोठलेली माती पकडते आणि पाया वर खेचते. फरसबंदीतल्या खुणांना असा खोल पाया देऊ नये. फरसबंदी हिवाळ्यात थोडी उचलली जाते, दगड जागीच राहतो आणि खड्डा तयार होतो. तिथे दगड फरसबंदीच्याच थरावर.

२२ मे

डाव्या भिंतीची वाढीव विटांची रेषा. वीट ८ बाय ४ इंच, लांबीने लावलेली, दोन ओळी. १०० फुटांना ३०० विटा, कापणी-तुटीसह ३२५. तीव्र हवामानाच्या वर्गातली फरशी-वीटच हवी. पाडकामातून आलेली जुनी वीट भावनेने देऊ करतात. भिंतीची वीट जमिनीत आडवी घातली की पाणी पिते आणि गोठल्यावर तिचे पापुद्रे सुटतात.

खाली ६ इंच खडी, १६ इंच रुंद: १०० फुटांना ६७ घनफूट, दाबून. सुटी मागवताना ३ घनयार्ड. वर १ इंच वाळू. खडी दोन थरांत दाबायची. एकदम ६ इंच टाकून दाबलं तर वरचा थर घट्ट, खालचा मोकळा. दोन्ही बाजूंना कडेची पट्टी, नाहीतर विटा हिवाळागणिक पांगतात.

लगतच्या फरशीशी उंचीचा फरक पाव इंचाच्या आत. पाव ते अर्धा इंच असेल तर १:२ उताराने घासलेली कड. आडवा उतार १:४८पेक्षा जास्त नको. हे चाकाच्या खुर्चीसाठी आहे आणि बर्फ ओढणाऱ्या फाळासाठीही: फाळाला अडेल तिथला दगड पहिल्याच हिवाळ्यात सुटतो.

५ जून

मजकूर. पहिल्या खर्ड्यात सगळंच कोंबलं होतं: चार वर्ल्ड सिरीज (१९०९, १९२५, १९२७, १९६०), बेब रूथ आणि पायरेट्सचा रॉबर्टो क्लेमेंटे हे खेळाडू, स्टीलर्स फुटबॉल, १९५१ची चार्ल्स-वॉलकॉट मुष्टियुद्धाची लढत. पायाखालची पाटी कोणी वाकून तीस सेकंद वाचत नाही. निर्णय: एका खुणेवर एकच गोष्ट, आणि ती त्या जागेवरून दिसणारी. अक्षरं पाऊण इंच उंच.

होम प्लेट: ५ ऑगस्ट १९२१. केडीकेए केंद्रावरून मोठ्या लीगच्या सामन्याचं पहिलं रेडिओ प्रक्षेपण. हॅरोल्ड आर्लिन प्लेटमागच्या बॉक्समध्ये बसून बोलत होता.

पिचरची जागा: ६१ वर्षांत इथे एकही नो-हिटर (प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न मिळालेला सामना) झाला नाही. पिचरच्या पायाखाली हीच ओळ हवी. नो-हिटरचा अर्थ पत्रकात, पाटीवर नाही.

दुसरा बेस: मॅझरॉस्कीची जागा. १९६०च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, ९-९, नवव्या डावाचा उत्तरार्ध, पिचर राल्फ टेरी, वेळ ३:३६. फटक्याचा फलक भिंतीच्या रेषेवर आधीच आहे, तो इथे पुन्हा नको. इथे एवढंच: या बेसचा रखवालदार तोच होता.

पहिला बेस: होमस्टेड ग्रेज. कृष्णवर्णीय लीगमधला हा संघही इथे खेळायचा. सुरुवातीच्या खर्ड्यात त्यांना पत्रकात ढकललं होतं. पाटीवर हवेत, स्वतंत्र.

उजवीकडे, प्रेक्षागृहाच्या जागेवर: २५ मे १९३५, बेब रूथचा ७१४वा आणि अखेरचा होम रन (कुंपणापार गेलेला फटका) छपरावरून बाहेर गेला, त्या दिवसातला त्याचा तिसरा. तेव्हा तो बोस्टन ब्रेव्हजकडे होता आणि ब्रेव्हज सामना हरले.

तिसऱ्या बेसवर एकमत नाही. शेवटच्या दिवसाची नोंद (२८ जून १९७०, शिकागो कब्जविरुद्ध दोन सामने, पायरेट्सने दोन्ही जिंकले) की क्लेमेंटे. क्लेमेंटेची जागा उजवं आउटफिल्ड. त्याला तिसऱ्या बेसवर आणणं म्हणजे पुन्हा सोयीने सरकवणं. तूर्त शेवटचा दिवस.

प्रत्येक पाटीच्या तळाशी बारीक ओळ: जागेची मर्यादा, फुटांत. ती शोभत नाही असं म्हणणं येतं. राहील.

२० जून

देखभालीचं पत्रक बसवणीआधी, अंदाजपत्रकाला जोडून. वर्षातून दोनदा, मीठ संपल्यावर आणि पानगळीनंतर: सौम्य साबण, मऊ ब्रश, साधं पाणी. दाबाच्या पाण्याचा फवारा सांध्यांवर नाही. ब्राँझवर लाखेचा थर द्यायचा नाही. पायाखाली तो तुकड्या-तुकड्यांनी जातो आणि मधल्या भागात डाग पडतात. उघडं ठेवलं तर अक्षरं पायांनीच उजळत राहतात.

दर वसंतात सरळपट्टी ठेवून उंचीचा फरक मोजायचा. पाव इंच ओलांडला की दगड उचलून थर पुन्हा. यासाठी एक जादा बेस, एक जादा होम प्लेट आणि ४० विटा सुरुवातीलाच, त्याच खाणीतून आणि त्याच भट्टीतून.

सर्व बिंदूंचे सहनिर्देशांक, एकक, संदर्भ-प्रणाली आणि कुठल्या पुराव्यावरून आले ते एका कागदावर, तीन ठिकाणी ठेवायचे. फूटपाथ कधीतरी उखडला जाईल आणि दगड ढिगात पडतील. तेव्हा लावणाऱ्याला हा कागद लागेल.

बाकी: तिसऱ्या बेसचा मजकूर; उजव्या कोपऱ्यासाठी विमा नकाशाची आणखी एक आवृत्ती; चाचणी-खणतीची परवानगी; ग्रॅनाइटचा एक फूट चौरस नमुना, ओला करून त्यावर चालून पाहण्यासाठी.